शाकाहारी फास्टफूडचे दुकान काढण्यापूर्वी गर्दीच्या तासाचा हिशोब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या परिसरात सुमारे ४०० चौरस फुटांचा गाळा महिना ४५,००० रुपये भाड्याने मिळतो आहे. आपण पती-पत्नी मिळून १५ लाख रुपये उभे करू शकता. वडापाव, मिसळ, पावभाजी, डोसा, सँडविच, पिझ्झा आणि ‘थोडे चायनीज’ असे शुद्ध शाकाहारी फास्टफूड सुरू करण्याचा विचार आहे. भांडवल पुरेल का, फ्रँचायझी घ्यावी की स्वतःचे नाव लावावे आणि परवाने कोणते लागतील, हे तीन मुद्दे आपण विचारले आहेत. या व्यवसायात बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या तिन्हींची उत्तरे एका चौथ्या प्रश्नावर अवलंबून असतात आणि तो सहसा कोणी विचारत नाही: सर्वाधिक गर्दीच्या एका तासात आपल्या काउंटरवरून किती ग्राहकांच्या हातात पदार्थ पडू शकतील?

सुरुवात भाड्यापासून करू. उपाहारगृहाचे भाडे अपेक्षित विक्रीच्या १२ टक्क्यांच्या आसपास, फार तर १५ टक्क्यांपर्यंत असावे, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. ४५,००० रुपये भाडे १२ टक्क्यांत बसवायचे तर महिन्याची विक्री पावणेचार लाख, म्हणजे रोजची साडेबारा हजार रुपये हवी. माणशी सरासरी ६० रुपयांचे बिल धरले तर रोज साधारण २०८ ग्राहक होतात. आकडा मोठा वाटत नाही. पण हे ग्राहक दिवसभरात सारखे विभागून येत नाहीत. सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास मिळून साठ टक्के गिऱ्हाईक येते असे धरले, तर त्या चार तासांत दर तासाला तीसेक माणसे येतील. रविवारी सकाळी मिसळीला याच्या दुप्पट गर्दी होते, म्हणजे मिनिटाला एक ग्राहक. आपले स्वयंपाकघर मिनिटाला एक ऑर्डर पुरी करू शकत नसेल, तर रविवारी परत जाणारे गिऱ्हाईक आपल्या भाड्याचा हिशोब मोडून टाकते, आणि मंगळवारी दुपारी रिकामे बसून तो भरून निघत नाही.

आता याच कसोटीवर आपला मेनू लावून पाहा. वडा तळून ठेवता येतो आणि दहा-बारा मिनिटांच्या अंतराने ताजा घाणा काढता येतो; काउंटरवर फक्त पाव कापणे, चटणी लावणे आणि वडा ठेवणे एवढेच काम उरते. मिसळीची उसळ, कट आणि फरसाण तयार असते, थाळी लावायला पाऊण मिनिट पुरते. पावभाजीची भाजी मोठ्या तव्यावर तयार असली की वेळ फक्त पाव भाजण्याचा जातो. साबुदाणा वडा आणि चहा यांचेही तसेच आहे. चहा सोडला तर या पदार्थांना बटाटा, पाव, तेल, कांदा, कोथिंबीर हा बराचसा समाईक माल लागतो, आणि सामान्य हाताचा माणूस महिन्याभरात त्यांत तयार होतो. डोशाला मात्र वेगळे पीठ, वेगळा ग्राइंडर, वेगळा तवा आणि वेगळा कारागीर लागतो. चायनीजचा आचारी वेगळा, भट्टी वेगळी आणि धूरही वेगळा. वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांची पहिली तक्रार त्या धुराचीच येते. पिझ्झाच्या ओव्हनसाठी विजेचा मंजूर भार वाढवावा लागतो. ४०० फुटांच्या गाळ्यात स्वयंपाकाला जेमतेम निम्मी जागा मिळेल आणि तिथे चार वेगळी कामे चार माणसांना एकमेकांच्या कोपरांत करावी लागतील. म्हणून पहिले वर्ष डोसा, पिझ्झा आणि चायनीज पूर्णपणे वगळावे असे माझे स्पष्ट मत आहे. सँडविचही नको. ‘सगळे मिळते’ अशी पाटी वाचून नाशिककर आत येत नाही. मिसळ कुठली आणि वडा कुठला हे तो पक्के ठरवून घरातून निघतो.

मेनू ठरवताना प्रत्येक पदार्थात किती टक्के नफा आहे एवढेच न पाहता किती रुपये सुटतात आणि ते किती वेळात सुटतात हे पाहावे. उदाहरणादाखल एक वडापाव मांडू. बाजारभाव रोज बदलतात, म्हणून हे आकडे आपण आपल्या खरेदीप्रमाणे पुन्हा घालावेत. साठ ग्रॅमच्या गोळ्याचा बटाटा २ रुपये, आले-लसूण-मिरची-कोथिंबीर आणि फोडणी १ रुपया, बेसन पावणेदोन ते २ रुपये, वड्याने शोषलेले आणि नंतर काढून टाकावे लागणारे तेल मिळून २ रुपये, पाव ४ रुपये, सुकी चटणी दीड रुपया, तळलेली मिरची आणि कागद मिळून १ रुपया; एकूण सुमारे साडेतेरा रुपये. विक्रीची किंमत २५ रुपये करासह ठेवली तर जीएसटीचे १ रुपया १९ पैसे वजा जाऊन हातात साधारण सव्वादहा रुपये उरतात. १२० रुपयांच्या पावभाजीचा माल चाळीस-बेचाळीस रुपयांचा धरला, तर कर वजा जाता बहात्तरेक रुपये उरतात. पण पावभाजी खाणारा पंधरा-वीस मिनिटे खुर्ची अडवतो, आणि तेवढ्या वेळात उभ्याने खाणारे दहा-पंधरा वडापाव काउंटरवरून जातात. दोन्ही हवेत. वडापाव रस्त्यावरच्या माणसाला थांबवतो आणि मिसळ-पावभाजी भाडे भरते. त्यामुळे उभ्याने खाण्याचा कट्टा रस्त्याकडे आणि बसायची टेबले आत, अशी रचना करावी. वडापावच्या ग्राहकाला मिसळीच्या टोकनासाठी रांगेत उभे करू नये.

वड्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण छोट्या दुकानाचे नाव याच एका पदार्थावर होते किंवा जाते. बटाटा निवडताना शीतगृहातून नुकताच निघालेला माल टाळावा. फार थंडीत राहिलेल्या बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते, भाजी गोडसर लागते आणि तळताना लवकर काळपट रंग येतो. बटाटा उकडला की लगेच परातीत पसरून पूर्ण गार करावा. गरम भाजीचे गोळे केले तर आत वाफ कोंडते, आवरण फाटते, वडा कढईत फुटतो आणि भाजी तेलात उतरून अख्खा घाणा खराब करते. तेल १७० ते १८० अंशांवर असावे. घाईत कढई भरून वडे सोडले की तेल एकदम थंड पडते आणि वडे तेल पितात. म्हणून गर्दीच्या वेळेला मोठ्या कढईपेक्षा दोन मध्यम कढया बऱ्या. बेसनाचा चुरा झाऱ्याने दर घाण्यानंतर काढावा. हा चुरा गिऱ्हाईक मागून खाते, शिवाय तळाशी राहिला तर जळतो आणि तेल झपाट्याने काळे करतो.

तेलाबाबत कायदाही स्पष्ट आहे. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या घटकांचे) प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही. हे मोजण्याचे मीटर आणि पट्ट्या बाजारात मिळतात. रोज रात्री तेल गाळून ठेवावे आणि जुन्या तेलात नवे ओतत राहण्याची सवय कर्मचाऱ्यांना लागू देऊ नये. काढून टाकलेले तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थांना द्यावे. ते रस्त्यावरच्या दुसऱ्या कढईत जाण्यासाठी विकणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय आपल्याच ग्राहकाला आपण ते दुसऱ्या दारातून खाऊ घालत असतो. वर्तमानपत्राच्या कागदात वडा बांधून देण्यासही मनाई आहे, आणि महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटल्या व एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्यामुळे पॅकिंगचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरावा.

‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी लावणे सोपे आहे. पाळणे हे वेगळे काम आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत अंडे मांसाहारात मोडते, त्यामुळे मेयोनीज बिनअंड्याचेच हवे आणि बाहेरून आणलेला केक किंवा पुडिंग पाकिटावरची हिरवी खूण पाहूनच घ्यावे. वूस्टरशायर सॉसच्या मूळ कृतीत अँकोव्ही नावाचे मासे असतात आणि जिलेटिन प्राणिजन्य असते, हे अनेक आचाऱ्यांना ठाऊकच नसते. कर्मचाऱ्यांच्या डब्यातही मांसाहार नको, हा नियम नोकरीवर घेतानाच सांगावा. नंतर सांगितला की अपमान वाटतो आणि त्यात त्यांचीही चूक नसते.

उपवासाच्या पदार्थांबाबत ग्राहक याहून कडक असतो. साबुदाणा वड्याला स्वतंत्र कढई, स्वतंत्र झारा आणि शेंगदाणा तेल ठेवावे. कांदाभजीच्या तेलात तळलेल्या साबुदाणा वड्याला बेसनाचे कण चिकटलेले दिसतात, आणि एकादशीला ते पाहणारी आजी पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढत नाही. ‘जैन’ हा शब्द मेनूवर लिहायचा तर कांदा-लसूण वगळणे पुरेसे नाही, बटाटाही चालत नाही. म्हणजे बटाटावडा बाद होतो आणि पावभाजी कच्च्या केळ्याची करावी लागते, तीही वेगळ्या तव्यावर. तेवढी जागा नसेल तर तो शब्द लिहू नये. लिहून न पाळण्यापेक्षा नम्रपणे ‘आमच्याकडे होत नाही’ असे सांगणे ग्राहकाला अधिक आवडते.

आता भांडवल. सहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत म्हणजे २ लाख ७० हजार, गाळ्याचे नळकाम, वीजकाम, फरशी आणि सजावट ३ लाख, यंत्रे व भांडी साडेचार लाख, करारनामा, परवाने आणि पाटी ५० हजार, सुरुवातीचा माल आणि चाचणीचे पंधरा दिवस ५० हजार. बेरीज ११ लाख २० हजार. हातात ३ लाख ८० हजार उरतात. विक्री होवो न होवो, महिन्याला भाडे ४५ हजार, पाच माणसांचे पगार ८५ हजार आणि किमान वीज-पाणी वगैरे २० हजार मिळून दीड लाख जातात. तीन महिन्यांचा हा खर्च, म्हणजे साडेचार लाख, बँकेत वेगळा ठेवल्याशिवाय कुलूप उघडू नये. म्हणजे ७० हजारांची तूट आहे. ती डोशाचा तवा, ग्राइंडर आणि पिझ्झाचा ओव्हन वगळल्याने बरीचशी भरून निघेल. उरलेली सजावटीतून काढावी, पण धुराड्यातून, एक्झॉस्टमधून आणि सिंकखालच्या तेल अडवणाऱ्या सापळ्यातून काढू नये. सापळा नसलेली मोरी दोन-तीन महिन्यांत तुंबते, तीही नेमकी रविवारी. मुद्रा योजनेचे कर्ज मिळण्यासारखे आहे. परंतु राखीव रक्कम कर्जातून उभी करू नये, यंत्रे कर्जातून घ्यावीत.

ठरवलेली पावणेचार लाखांची विक्री (कर वगळून) झाली तर काय उरेल, हेही पाहून ठेवा. माल १ लाख ४० हजार, भाडे ४५ हजार, पगार ८५ हजार, गॅस व वीज ४० हजार, पॅकिंग, सफाई आणि किरकोळ खर्च २० हजार; उरतात ४५ हजार. यात आपल्या दोघांच्या श्रमांचा पगार धरलेला नाही. दोघांपैकी एकाने पहिले वर्ष नोकरी सोडू नये, असे मी सुचवेन.

फ्रँचायझीबद्दल माझे मत मिश्र आहे. २००१ मध्ये मालाडला सुरू झालेले जम्बोकिंग आणि २००४ मध्ये कल्याणला सुरू झालेले गोली वडापाव यांनी एक गोष्ट सिद्ध केली: आचाऱ्याच्या हातावर अवलंबून न राहता सर्वत्र सारखाच वडा देता येतो. रेल्वे स्थानकाबाहेर किंवा मॉलमध्ये, जिथे गिऱ्हाईक रोज नवे असते, तिथे ओळखीच्या नावाचा उपयोग होतो. आपल्या गाळ्यात मात्र तेच विद्यार्थी आणि तीच कुटुंबे पुन्हा पुन्हा येणार आहेत. त्यांना मिसळीचा मसाला आवडला की नाव आपोआप होते. शिवाय प्रवेशशुल्क आणि विक्रीवरची रॉयल्टी आपल्या ४५ हजारांतूनच जाईल. स्वतःचे नाव लावा. फ्रँचायझीवाल्यांकडून शिस्त तेवढी घ्या. मसाल्याचे, मिठाचे, सोड्याचे प्रमाण ‘अंदाजे’ न ठेवता ग्रॅममध्ये लिहून भिंतीवर लावा, आणि मिसळीचा काळा मसाला घरी स्वतः करून, वजन करून, पुड्यांमध्ये दुकानात आणा. आचारी उचल घेऊन गावी गेला आणि परतलाच नाही, हा प्रसंग या धंद्यात प्रत्येकावर येतो. मसाला आपल्या हातात असेल तर त्या दिवशीही दुकान उघडते.

परवान्यांचे काम वाटते तितके अवघड नाही, पण त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे गाळा भाड्याने वापरण्याचा, करार नोंदवून घ्या. महाराष्ट्रात ही नोंदणी सक्तीची आहे आणि पुढचा प्रत्येक अर्ज याच कागदावर उभा राहतो. गाळ्याचा वापर व्यापारी असल्याचा आणि तिथे स्वयंपाकाला सोसायटीची हरकत नसल्याचा लेखी पुरावा करारापूर्वीच मागावा. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना उलाढालीनुसार फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. मर्यादा आणि शुल्क अर्ज करण्याच्या दिवशी तिथेच पाहून घ्यावे. तो चौदा अंकी क्रमांक बिलावर छापणे २०२२ पासून बंधनकारक आहे. महापालिकेचा आरोग्य विभाग आणि अग्निशमन विभाग यांच्याकडे स्वतः जाऊन आपल्या आकाराच्या जागेला काय लागते ते विचारावे. दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगार कमी असतील तर केवळ ऑनलाइन सूचना देऊन भागते. पाटी मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवी. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर दुकानात वापरणे बेकायदा आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर किंवा, जिथे पोहोचला असेल तिथे, पाइपगॅस घ्यावा.

जीएसटीची नोंदणी सेवेसाठी वार्षिक २० लाखांच्या उलाढालीवर लागते आणि आपले उद्दिष्टच ४५ लाखांचे आहे, त्यामुळे ती टळणार नाही. साध्या उपाहारगृहाला ५ टक्के दर आहे आणि खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेतही ५ टक्केच, पण तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. कागदपत्रे मात्र कमी. झोमॅटो-स्विगीवर जायचा विचार असेल तर यापैकी काय निवडावे हे कर सल्लागाराला आधी विचारा, कारण त्यांच्यामार्फत होणाऱ्या विक्रीवरचा कर २०२२ पासून ते स्वतः भरतात.

त्या ॲपवर पहिले तीन महिने जाऊच नये, असे मी म्हणेन. कमिशन, जाहिरात आणि पॅकिंग मिळून मिसळीचा नफा जवळपास संपतो, आणि ऑर्डरी नेमक्या आपल्या गर्दीच्या तासातच येतात. समोर उभा असलेला ग्राहक थांबतो आणि डबा घेणारा मुलगा काउंटर अडवतो. पुढे गेलात तर रस्सा, उसळ आणि फरसाण वेगवेगळे बांधा, आणि दुकानातली रविवारची गर्दी असताना ॲप बंद ठेवण्याची सवय लावा.

भावांच्या चढउताराबाबत एकच सांगतो. लासलगाव तासाभराच्या अंतरावर असूनही कांदा महागला की आपल्याला तो स्वस्त मिळत नाही. अशा वेळी मिसळीवर कांद्याऐवजी कोबी टाकणारे दुकानदार मी पाहिले आहेत. गिऱ्हाईक पहिल्याच घासाला ओळखते. कांद्याची वाटी लहान करावी, मागितल्यावर पुन्हा द्यावी, पण पदार्थ बदलू नये.

दुकान केव्हा उघडावे, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. कॉलेज रोडची निम्मी गर्दी विद्यार्थ्यांची आहे. एप्रिल-मेमध्ये उघडलेत तर राखीव रक्कम रिकाम्या खुर्च्यांवर जाईल. जूनअखेर महाविद्यालये सुरू होताच उघडणे उत्तम. त्यानंतर लगेच श्रावण येतो, एरवी मांसाहार करणारी मंडळीही महिनाभर आपल्याकडे वळतात, आणि विक्री फुगते. श्रावण आणि नवरात्राचे आकडे वहीत वेगळ्या शाईने लिहावेत, आणि दुसरा गाळा घेण्याचा, माणसे वाढवण्याचा निर्णय पितृपक्षाच्या आणि दिवाळीनंतरच्या साध्या आठवड्यांवरून घ्यावा. घरमालक २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे नाव काढून भाडे चढवून सांगतील. कॉलेज रोडच्या गाळ्याला ते कारण लावू देऊ नका.

करारावर सही करण्यापूर्वी एक शनिवार, एक रविवार आणि एक बुधवार, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ, त्या गाळ्यासमोर उभे राहून पायी जाणारी माणसे मोजा आणि शेजारच्या दुकानांत त्यांतली किती वळतात ते लिहून ठेवा. तो आकडा समाधानकारक असेल तर करारात आपल्या बाजूचा लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) सहा महिन्यांपेक्षा जास्त नको आणि मालकाच्या बाजूचा तीन वर्षांपेक्षा कमी नको, असा आग्रह धरा. भाडेवाढ वर्षाला पाच टक्क्यांवर अडवा, आणि एक्झॉस्टचा पाइप कोणत्या भिंतीवरून गच्चीपर्यंत जाईल हे नकाशावर दाखवून त्याच करारात लिहून घ्या.